मूल नेऊ नका, मदतीला या

आईबाबांनो, आणि नातवंडांचं सगळं मायेने करणाऱ्या आजीआजोबांनो, आज एका तमिळ सिनेमाच्या निमित्ताने तुमच्याशी मनातलं बोलायचं आहे. सिनेमाचं नाव 'दैव तिरुमगळ'. २०११ साली आलेला, ए. एल. विजय यांनी दिग्दर्शित केलेला, आणि विक्रम या मोठ्या नटाने जीव ओतून उभा केलेला. तमिळ येत नसलं तरी तो समजतो, कारण त्यातलं भांडण घरातलं आहे. आपल्या नात्यातल्या कुठल्याही घरात होऊ शकेल असं.

कृष्णा निलगिरीच्या डोंगरात, ऊटीजवळच्या अवलांची गावात राहतो आणि चॉकलेटच्या कारखान्यात काम करतो. त्याला बौद्धिक अपंगत्व आहे. बायको बाळंतपणात जाते आणि एवढीशी मुलगी, निला, त्याच्या हातात येते. कारखान्यातली माणसं, शेजारीपाजारी यांच्या आधाराने तो तिला वाढवतो. निला शाळेत जायला लागते आणि तिथे कळतं की शाळा चालवणारी तरुणी निलाची सख्खी मावशी आहे. मावशीकडून बातमी आजोबांकडे जाते. आजोबा श्रीमंत आहेत, मुलीने त्यांच्या मर्जीबाहेर या माणसाशी लग्न केलं म्हणून दुखावलेले आहेत. ते नातीला चेन्नईला घेऊन जातात आणि बापाला मागे टाकून देतात. पुढे कोर्ट.

कृष्णाची बुद्धी पाच-सहा वर्षांच्या मुलाइतकी आहे, असं या सिनेमाबद्दल नेहमी सांगितलं जातं. हे माप मला पटत नाही. सहा वर्षांचं मूल रोज वेळेवर कामाला जात नाही, पगार घरी आणत नाही, तान्ह्या बाळासाठी रात्र जागून काढत नाही. कृष्णा हे सगळं करतो. बौद्धिक अपंगत्व असलेला मोठा माणूस हा मोठाच माणूस असतो. त्याच्या गाठीला वर्षांचा अनुभव असतो, सवयी असतात, नाती असतात, शब्द पाळण्याची जाण असते. त्याला हिशेब जमणार नाही, अर्ज भरता येणार नाही, गुंतागुंतीचं बोलणं निसटून जाईल. पण म्हणून त्याला मूल समजणं म्हणजे त्याने कमावलेलं सगळं पुसून टाकणं होय. ज्यांच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आता पंचवीस-तीस वर्षांची झाली आहे, त्या आईवडिलांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

निलाच्या आजोबांची भूमिका आपल्या सचिन खेडेकरांनी केली आहे. 'मुरांबा' या सिनेमात मुलाला न दुखावता बोलतं करणारा समजूतदार बाप त्यांनी साकारला, तो आपल्या सगळ्यांना आवडला. इथे तेच खेडेकर वेगळ्या जागी उभे आहेत. मला या आजोबांबद्दल बोलायचं आहे, कारण हे हितगुज वाचणाऱ्यांमध्ये कृष्णा थोडे असतील, आजोबांच्या जागी असलेले बरेच असतील. ते दुष्ट नाहीत. त्यांची मुलगी घर सोडून गेली, आणि मग गेलीच. तिच्या शेवटच्या दिवसांत ते तिच्याजवळ नव्हते. आता तिचा अंश समोर उभा आहे आणि तो अशा बापाच्या हाती आहे ज्याला आपलं स्वतःचं पुरतं सांभाळता येत नाही, असं त्यांना वाटतं. चांगली शाळा, चांगला डॉक्टर, स्वतःची खोली, सगळं आपल्याकडे आहे. मग मुलीला तिथे का ठेवायचं? हा विचार मनात आला नसता तर ते आजोबा कसले?

विचार येणं समजू शकते. त्यांनी पुढे जे केलं ते मात्र चुकीचं होतं. त्यांना बापाला विचारता आलं असतं, अवलांचीला येऊन राहता आलं असतं. मावशी तर त्याच गावात होती. त्यांनी मूल उचललं.

या सिनेमाचं मूळ 'आय ॲम सॅम' या २००१च्या अमेरिकन चित्रपटात आहे. तिथे बापाची भूमिका शॉन पेनने केली होती. आपल्याकडे २००५ साली हिंदीत 'मैं ऐसा ही हूँ' आला, त्यात अजय देवगण होता. अमेरिकन आणि तमिळ कथांमधला एक फरक मला फार बोलका वाटतो. अमेरिकेतल्या सॅमची मुलगी सरकारी बालकल्याण खातं घेऊन जातं. तमिळनाडूतल्या कृष्णाची मुलगी तिचे सख्खे आजोबा नेतात. आपल्याकडे खरंच असंच घडतं. दारात सरकार येत नाही, नातेवाईक येतात. नवरा अपघातात जायबंदी झाला, 'पोरांना आमच्याकडे पाठव, तुला झेपायचं नाही.' सून मानसिक आजाराने काही महिने खचली, बाळ सासूच्या खोलीत गेलं आणि ती बरी झाली तरी परत आलंच नाही. आईवडील दोघेही अंध आहेत, मामा मुलाला शहरात शिकायला घेऊन गेला आणि मूल सुट्टीपुरतं घरी येऊ लागलं. यातलं काहीही कोर्टात जात नाही. कुणी ओरडत नाही. सगळं 'मुलाच्या भल्यासाठी' होतं. आणि ज्याच्याकडून मूल गेलं तो माणूस, आधीच अपराधी वाटून घेत असलेला, गप्प बसतो.

कोर्टात कृष्णाच्या विरुद्ध जे प्रश्न येतात ते खोटे नाहीत. मुलीला रात्री ताप चढला तर हा काय करणार? अभ्यास कोण घेणार? ती वयात येईल तेव्हा काय? मी या प्रश्नांना हलकं लेखत नाही. मूल सांभाळणं म्हणजे नुसता लळा नव्हे, औषधाची मात्रा चुकली तर जीवावर बेततं.

पण हेच प्रश्न आपल्या घराला विचारून पाहा. मुलाला ताप आला की आपण काय करतो? शेजारच्या काकूंना हाक मारतो, आईला फोन लावतो, डॉक्टरांकडे धावतो. अभ्यास कोण घेतं? शिकवणीच्या बाई. दुपारी मूल कुठे असतं? पाळणाघरात किंवा आजीकडे. वयात येणाऱ्या मुलीशी कोण बोलतं? पुष्कळदा मावशी, आत्या, शाळेतल्या आवडत्या बाई. दोघं नोकरी करणाऱ्या एकाही जोडप्याने आपलं मूल एकट्याच्या बळावर वाढवलेलं नाही. आपल्याला कुणी त्यासाठी नालायक ठरवत नाही. उलट 'किती छान जमवलंय तुम्ही सगळं' म्हणतात. तीच मदत कृष्णासारख्या माणसाने घेतली की ती त्याच्याविरुद्धचा पुरावा होते. शेजारीण मुलीचं पाहते, म्हणजे बापाला पाहता येत नाही. मित्र हिशेब करून देतो, म्हणजे बापाला हिशेब येत नाही. आपल्याला मदत घेणं शोभतं आणि त्याला शोभत नाही, हे कुठल्या न्यायाचं?

कायदा काय म्हणतो तेही पाहू, कारण भीतीपोटी आपण कायद्याची कल्पना फार वेगळी करून घेतो. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे आईवडील हे मुलाचे नैसर्गिक पालक असतात, आणि निर्णय करताना मुलाचं हित सर्वांत वर मानायचं असतं. १८९०चा पालक व पाल्य कायदा त्याहून जुना, पण आजही लागू आहे. त्यातलं १९वं कलम सांगतं की बाप हयात आहे आणि तो न्यायालयाच्या मते अपात्र नाही, तोवर दुसरा पालक नेमायचा नाही. म्हणजे आजोबांनी कृष्णाचं अपात्रपण सिद्ध करायला हवं. त्याच्याकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे एवढ्याने ते सिद्ध होत नाही. प्रश्न असा विचारायचा असतो की या मुलीला या घरात इजा होते आहे का, तिची आबाळ होते आहे का, आणि होत असेल तर मदत देऊन ती थांबते का.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २००७ साली मान्यता दिली. त्याच्या २३व्या कलमात स्वच्छ म्हटलं आहे की मुलाच्या किंवा आईवडिलांच्या अपंगत्वाच्या कारणावरून मुलाला आईवडिलांपासून वेगळं करायचं नाही. आपला दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली झाला. त्याचं ९वं कलम दिव्यांग मुलाला संरक्षण देतं, त्याच्या अपंगत्वापायी त्याला आईवडिलांपासून तोडता येणार नाही, कोर्टाचा आदेश असेल तरच. पण आईवडिलांपैकी कुणी दिव्यांग असेल तर काय, याबद्दल ते कलम काही बोलत नाही. ही उणीव मला बोचते. कृष्णा नेमका त्या न बोललेल्या जागेत उभा आहे.

आता सिनेमातल्या एका प्रसंगाकडे येते. कोर्टात दोन्ही वकील बोलताहेत आणि इकडे बाप आणि लेक, एकमेकांपासून लांब उभे, खाणाखुणांनी गप्पा मारताहेत. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं. निलाचं काम करणारी सारा अर्जुन तेव्हा अगदी लहान होती, आणि त्या दोघांच्या चेहऱ्यांवर एकही खोटा क्षण नाही. नासर यांनी केलेले विरोधी वकील भाष्यम, आजवर हार न पत्करणारे, ते पाहतात आणि त्यांच्याने पुढे लढवत नाही. मी तो प्रसंग कितीही वेळा पाहिला तरी मला रडू आवरत नाही. हातवाऱ्यांची ती भाषा निलाला कुणी महागड्या शाळेत शिकवलेली नव्हती. ती बापासोबत जगताना तयार झाली होती. कोर्टाला हवा होता तो पुरावा तिथे समोर होता.

मुलगी बापाला मिळते. आणि मग शेवट. कृष्णा तिला एक रात्र जवळ ठेवतो आणि झोपलेल्या लेकीला मावशीच्या आणि आजोबांच्या हाती परत देतो. तिचं शिक्षण व्हावं, तिने मोठं व्हावं म्हणून. थिएटरमध्ये लोक रडले, बापाच्या त्यागाला त्यांनी मनोमन हात जोडले. मला हा शेवट मान्य नाही.

कृष्णाचं मन मोठं आहे यात शंका नाही. पण सकाळी निला जागी होईल तेव्हा तिचं काय? एकदा तिला न विचारता उचललं गेलं. मग ती कोर्टात बापाला परत मिळाली. आणि आता ज्या एका माणसावर तिचा पूर्ण भरवसा होता, त्यानेच तिला झोपेत दुसऱ्याच्या कुशीत ठेवलं. 'तुझ्या भल्यासाठी' हे एवढ्या लहान मुलीला कळत नाही. तिला एवढंच कळतं की बाबा गेले. अशी मुलं पुढे झोपायला घाबरतात, कुणी खोलीबाहेर गेलं तरी रडतात, किंवा एकदम शहाण्यासारखी वागायला लागतात आणि घरचे म्हणतात, 'बघा, किती लवकर रुळली!' असं मूल रुळलेलं नसतं, त्याने मागणं बंद केलेलं असतं.

शिवाय तो शेवट प्रेक्षकाच्या मनात एक गोष्ट हळूच पक्की करतो. दिव्यांग बापाचं प्रेम खरं असेल, तर तो मूल देऊन टाकेल. खऱ्या प्रेमाची परीक्षा म्हणजे बाजूला होणं. धडधाकट बापाला आपण ही परीक्षा कधी देत नाही. गरीब बापाला 'तू खरा प्रेमळ असशील तर मुलगी श्रीमंताला दे' असं कुणी म्हणेल का? मग कृष्णालाच का?

'आय ॲम सॅम'चा शेवट वेगळा आहे. ज्या बाईंनी सॅमच्या मुलीला तात्पुरतं सांभाळलं, त्यांच्या लक्षात येतं की ही बापाशिवाय राहू शकत नाही, आणि त्या तिला परत करतात. सॅमही समजून आहे की मुलीला वाढवायला त्या बाईंचीही गरज आहे. कुणी गेलं नाही, एक माणूस वाढलं. अवलांचीच्या निलाला तर मावशी सख्खी होती, शाळा तिचीच होती, आजोबांकडे पैसा होता. निला बाबांच्या घरी राहिली असती, मावशीने अभ्यास आणि तब्येत पाहिली असती, आजोबांनी सुट्टीत चेन्नईला नेलं असतं. यात अशक्य काय होतं? मुलाच्या ताब्याच्या कायद्यात दोन्ही पालकांनी मिळून सांभाळण्याची तरतूद यावी, अशी शिफारस विधी आयोगाने आपल्या २५७व्या अहवालात २०१५ साली केली. ती विभक्त होणाऱ्या जोडप्यांसाठी होती. पण घरच्या मोठ्यांनी मनात आणलं तर त्यासाठी आयोगाची वाट पाहावी लागत नाही.

निलाला कुणी विचारलं का, हेही राहून जातं. १८९०च्या त्या जुन्या कायद्यातही लिहिलं आहे की मूल समजण्याइतकं मोठं असेल तर त्याची इच्छा न्यायालयाने विचारात घ्यावी. आजही न्यायाधीश मुलाला स्वतःच्या दालनात बोलावून, वकील आणि नातेवाईक बाहेर ठेवून, त्याच्याशी बोलतात. कुटुंब न्यायालयात समुपदेशक असतात. मात्र घरी विचारताना एक पथ्य पाळा. 'तुला बाबा हवेत की आजोबा?' असा प्रश्न मुलाला कधी, कधीही विचारू नका. तो प्रश्न मुलाच्या छातीवर आयुष्यभर बसतो. 'तुला इथे काय आवडतं? रात्री कोण जवळ असलं की बरं वाटतं? कशाची भीती वाटते?' एवढं विचारा आणि गप्प राहून ऐका.

ज्यांच्या घरात आई किंवा बाबा दिव्यांग आहेत त्यांच्याशी आणखी थोडं. मुलाला लवकर सांगा, साध्या शब्दांत सांगा. 'बाबांना काही गोष्टी समजायला वेळ लागतो, त्या आपण आत्याला विचारू. पण तुला गोष्ट सांगायला, तुझ्याशी खेळायला बाबाच लागतात.' पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. लपवून ठेवलंत तर शाळेच्या वाटेवर कुणीतरी 'तुझा बाप वेडा आहे' म्हणून सांगेल आणि मग तुमच्या शब्दांना उशीर झालेला असेल. 'आय ॲम सॅम'मधली मुलगी वाचायला मुद्दाम कचरते, बापाच्या पुढे जायचं नाही म्हणून. आपल्या घरातही असं मूल असू शकतं. त्याला बापाकडूनच ऐकू द्या की तू पुढे गेलीस तर मला आनंद होतो.

आणि मुलाला आईबापाचा सांभाळकर्ता करू नका. मूकबधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुलं बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात दुभाष्याचं काम करतात. थोडंफार चालेल, त्याचा अभिमानही वाटतो. पण आईच्या आजाराचं निदान डॉक्टरांनी नऊ वर्षांच्या मुलाला सांगायचं आणि त्याने ते आईला हातांनी समजवायचं, हे होता कामा नये. तिथे काका हवा, सांकेतिक भाषेचा जाणकार हवा. मोठ्यांचं ओझं मोठ्यांनीच उचलायचं.

बौद्धिक दिव्यांग मुलांचे आईवडील मनातल्या मनात एक गोष्ट घोकत असतात: याचं लग्न नको, संसार नको, मूल तर नकोच. ही भीती कुठून येते ते मला कळतं, आमच्यानंतर कोण, हा प्रश्न ज्याच्या घरात आहे त्यालाच ठाऊक. पण भीतीने आपण कुठवर जातो तेही आठवा. १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं काढण्यात आली, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर २००९ मध्ये चंडीगडच्या सरकारी संस्थेतल्या एका अनाथ तरुणीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तिच्यावर अत्याचार झाला होता, तिला दिवस गेले होते, उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तिचं ऐकलं. सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं योग्य आधार मिळाला तर चांगले पालक होऊ शकतात, असं मानलं, आणि आई व बाळ दोघांना मदत मिळण्याची सोय पाहिली. सगळ्यांनी लग्न करावं, असं माझं म्हणणं नाही. पण दार तुम्ही आधीच बंद करून ठेवू नका.

शेवटी काही कामाच्या गोष्टी. सिनेमात कृष्णाला वकील मिळते ती दैवानेच. प्रत्यक्षात १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिव्यांग व्यक्तीला, तसंच स्त्रियांना आणि मुलांना, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे साध्या कागदावर अर्ज देता येतो. बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्याची चौकशी करा, आणि दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड काढून घ्या. पुण्यात सिंधूताई जोशींनी १९६४ साली 'कामायनी' उभी केली, बदलापूरला पालकांनीच एकत्र येऊन 'आधार' उभं केलं. अशा ठिकाणी जाऊन बसा, तुमच्यासारखेच आईवडील तिथे भेटतील.

आणि एखाद्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी बसून एक कागद लिहा. ताप आला तर कोण येणार, शाळेच्या सभेला बाबांबरोबर कोण जाणार, बँकेचं कोण पाहणार, सुट्टीत मूल कुणाकडे किती दिवस राहणार. प्रत्येक नावापुढे फोन नंबर. पहिलं नाव मात्र बाबांचं किंवा आईचं लिहा, आणि तो कागद त्यांच्याच हातात द्या.